छतावरच्या लाह्या

अमेरिकेत 1980च्या आधीचं घर विकत घेतलं, की त्यासोबत पुष्कळदा कोणालाच नको असलेलं एक छतही पदरात पडतं. पांढरं, खरखरीत, दाण्यादाण्यांचं. बोलण्यात त्याचं नाव पॉपकॉर्न सीलिंग. कॉटेज चीज म्हणणारेही भेटतात, कॅनडात स्टिपल. बिल्डरच्या कागदावर मात्र ते भारदस्तपणे ‘अकूस्टिक सीलिंग’ असतं. जळमटं त्यात अडकतात आणि झाडायला जावं तर लेपच झडतो. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत जुनी घरं घेणाऱ्या मराठी कुटुंबांतही हा विषय निघतो, आणि कंत्राटदाराचं अंदाजपत्रक हाती आलं की पहिला उद्गार ठरलेला असतो: नुसतं खरवडायचं तर आहे, त्याला एवढे पैसे?

उद्गारात चूक काही नाही. नुसतं खरवडणं खरोखरच स्वस्त आहे. ढोबळमानाने चौरस फुटाला एक-दोन डॉलर. पण त्या ओळीखाली अंदाजपत्रकात आणखी बऱ्याच ओळी असतात, आणि त्या कुठून आल्या हे समजायला छताचं कूळ शोधावं लागतं. माझ्या मते यातले बरेचसे पैसे लेप काढण्याचे नसतातच. साठ वर्षांपूर्वी कोणीतरी जे काम टाळलं, त्याची ही मजुरी, आजच्या दराने.

टाळलेलं काम होतं छत सपाट करण्याचं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथल्या चांगल्या घरांत तुळयांना लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर चुन्याचा किंवा जिप्समचा गिलावा तीन हातांनी चढवत. पहिला हात ओरखडून ठेवायचा, म्हणजे त्यावर दुसरा धरेल. दुसरा एका पातळीत आणायचा. तिसरा तुळतुळीत घोटायचा. दर हाताला वाळायला वेळ द्यायचा. मान मागे टाकून, डोक्यावर थापी चालवत, उलट्या पृष्ठभागावर सपाटी आणणारा गवंडी एका हंगामात तयार होत नाही. ऑगस्टीन सॅकेट या माणसाने 1894 मध्ये जिप्सम आणि कागद यांच्या थरांच्या फळीचं पेटंट घेतलं होतं. युनायटेड स्टेट्स जिप्समने त्याची कंपनी विकत घेतली आणि 1910च्या दशकात ‘शीटरॉक’ ही फळी बाजारात आणली. तरी गिलाव्याची सवय असलेल्यांना ती स्वस्तातली नक्कलच वाटे.

युद्धाने ती नावड संपवली. लाखो सैनिक परतले, लग्नं झाली, घरं तातडीने हवी होती. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिट या बिल्डरने आणि त्याच्या मुलांनी 1947 ते 1951 या काळात 17,000हून जास्त घरं उभी केली. कारखान्यात माल पट्ट्यावरून सरकतो आणि कामगार जागेवर असतो. इथे घरं जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या ठरलेला एकेक टप्पा उरकत पुढे सरकणाऱ्या. असल्या कामात गिलावा वाळेपर्यंत थांबायला कोणाला परवडणार? फळीच जिंकली.

पण फळी ठोकली म्हणजे छत झालं नाही. दोन फळ्यांमध्ये सांधा राहतो, खिळ्यांची डोकी दिसतात. सांध्यावर कागदी पट्टी चिकटवायची, तिच्यावर लांबी भरायची, ती वाळली की आधीपेक्षा रुंद असा दुसरा हात, मग तिसरा, मग पॉलिश पेपरने घासून धूळ खायची. भिंतीवर थोडं उणंअधिक खपून जातं. तिथे कपाट येतं, चित्र येतं. छतावर काही येत नाही. शिवाय खिडकीतला उजेड छताला जवळजवळ समांतर घासून जातो, त्यामुळे कागदाच्या जाडीइतका उंचवटाही सावली टाकतो. म्हणजे घरातला सर्वांत अवघड पृष्ठभाग नेमका सर्वांत अवघडलेल्या अवस्थेत करायचा. रंगारी आणि फळीवाले दोघांच्याही हे जिवावर येई, आणि बिल्डरच्या खिशावर.

त्यावर 1950च्या दशकाच्या अखेरीस तोडगा रूढ झाला तो फवाऱ्याचा. गोणीतली पूड पाण्यात कालवायची, चाडीत ओतायची, दाबाखालच्या हवेने वर मारायची. पुडीत बांधणारा पदार्थ, पांढरा भराव आणि दाण्यासाठी व्हर्मिक्युलाइट, म्हणजे तापवल्यावर फुगणारं अभ्रकासारखं खनिज. पुढे थर्मोकोलचे बारीक मणी. खिडक्या-भिंती झाकून टाकल्या की एक टोळी दिवसभरात घरभराची छतं मारून मोकळी. सांध्यांचे शेवटचे हात नकोत, घासणं नको, आणि लेप मुळातच पांढरा म्हणून रंगही नको. हजार बारीक सावल्यांत सांध्याची एक सावली हरवून जाते, ही त्यातली खरी हुशारी. ‘अकूस्टिक’ हे नाव विक्रीसाठी उत्तम होतं आणि अगदीच खोटंही नव्हतं. खडबडीत लेप खोलीतला चिरका आवाज थोडा शोषून घेतो. वरच्या मजल्यावरची धावपळ मात्र त्याला थांबत नाही.

फवाऱ्याचं तंत्र या छतांहून जुनं आहे, आणि त्याचं घराणं काही चांगलं नाही. इंग्लंडात लीड्सच्या आर्मली भागात जे. डब्ल्यू. रॉबर्ट्स नावाचा कारखाना होता, टर्नर अँड न्यूऑल या अॅस्बेस्टॉस उद्योगसमूहाचा. तिथे 1930च्या दशकाच्या सुरुवातीला अॅस्बेस्टॉसचे तंतू फवाऱ्याने मारायची पद्धत निघाली; मालाचं नाव ‘लिम्पेट’. रेल्वेचे लोखंडी डबे खडखडतात, तापतात. आतून लिम्पेट मारलं की दोन्ही कमी. अमेरिकेत हे तंत्र पेनसिल्व्हेनियातल्या अँब्लर गावच्या कीस्बी अँड मॅटिसनने नेलं. ती कंपनीही तोवर टर्नर अँड न्यूऑलच्याच मालकीची झाली होती. तिथून ते नाट्यगृहांच्या छतांवर, मग गगनचुंबी इमारतींच्या पोलादी तुळयांवर गेलं. आर्मलीत मात्र कारखान्याची धूळ गल्लीत साचे आणि पोरं तिच्यात खेळत. त्यांतल्याच एक, जून हॅनकॉक, कारखान्यात एक दिवसही काम न करता मेसोथेलिओमा या अॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या कर्करोगाने आजारी पडल्या आणि 1995 मध्ये न्यायालयात कंपनीविरुद्ध जिंकल्या.

घरगुती छताच्या पुडीत अॅस्बेस्टॉस आलं ते मात्र फार थोडं, काही टक्के, आणि वेगळ्या कारणाने. त्याचे तंतू ओल्या लेपाला धरून ठेवत, तो ठिबकू देत नसत, आणि वाळताना तडे जाऊ देत नसत. क्यूबेकमधून ते भरपूर येई; तिथल्या एका खाणगावाचं नावच अॅस्बेस्टॉस होतं, जे गावकऱ्यांनी 2020 मध्ये बदलून व्हाल-दे-सूर्स केलं. व्हर्मिक्युलाइटची गोष्ट याहून वाईट. अमेरिकेतला बराचसा माल माँटाना राज्यातल्या लिबीच्या खाणीतून येई आणि त्या खनिजातच अॅस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. खाण 1990 मध्ये बंद झाली. 2009 मध्ये लिबीत सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली.

न्यूयॉर्कचे डॉक्टर आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी 1964 मध्ये इन्सुलेशनचं काम करणाऱ्या 632 कामगारांचा अभ्यास छापला, तेव्हापासून अॅस्बेस्टॉसकडे डोळेझाक करणं कठीण झालं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1973 मध्ये उष्णतारोधक आणि अग्निरोधक कामांसाठी अॅस्बेस्टॉस फवारायला बंदी केली. सजावटीचा फवारा त्यातून सुटला आणि त्याला आणखी पाच वर्षं मिळाली. 1978 मध्ये तोही आत आला. गोदामातला माल त्यानंतरही काही काळ छतांवर जात राहिला, म्हणून 1980च्या दशकाच्या सुरुवातीची घरंही तपासणीवाले संशयितच धरतात. या कायद्यांत एक टक्क्याची रेघ आहे: त्याहून जास्त अॅस्बेस्टॉस असेल तर माल ‘अॅस्बेस्टॉसयुक्त’. ही रेघ आरोग्याचा हिशेब करून ओढलेली नाही, हे त्या संस्थेनेच पुढे स्पष्ट केलं. पण अंदाजपत्रकाचे दोन तट पडतात ते याच रेघेवर.

म्हणून पहिला खर्च नमुन्याचा. लेप ओला करून चिमूटभर काढायचा, प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. शाळांसाठीचा 1986चा कायदा 1,000 चौरस फुटांपर्यंतच्या लेपाचे किमान तीन नमुने मागतो, आणि घरासाठीही जाणकार तेच करतात, कारण एका गोणीत तंतू होते आणि दुसरीत नव्हते, असं सहज घडतं. हा खर्च शे-दोनशे डॉलरांच्या आसपास जातो. सगळ्या अंदाजपत्रकात हा एकच आकडा असा, की ज्यावर घासाघीस करणं मला निव्वळ वेडेपणाचं वाटतं.

नमुने स्वच्छ निघाले तर सामान बाहेर, जमिनीवर-भिंतींवर प्लास्टिक, कोमट पाण्याचा फवारा, थोडी वाट, आणि रुंद पट्टीने लेप खाली. न रंगवलेला लेप दह्यासारखा सुटतो. पण मधल्या साठ वर्षांत कोण्या हौशी मालकाने त्यावर ऑइलपेंटचा हात मारला असेल तर पाणी आत शिरत नाही, आणि तिथे मजुरी दुप्पट होते.

लेप उतरल्यावर दिसतो तो खरा हिशेब. वर असतात 1965 मध्ये अर्धवट सोडलेले सांधे, एकच हात मारलेली कागदी पट्टी, उघडे खिळे, खरवडताना फाटलेला फळीचा कागद. लेप येणारच होता, मग मेहनत कोण घेणार! अमेरिकेतल्या फळीकामाला आज शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत. लेपाखालचं काम खालच्या पायऱ्यांवर सोडलेलं असतं आणि घरमालकाला पाचवी हवी असते. मग सांधे नव्याने, अख्ख्या छतावर लांबीचा पातळ हात, घासणं, प्रायमर, रंगाचे दोन हात. खरवडण्याचे दोन दिवस, छत घडवण्याचे चार. यात आणखी एक मेख आहे. त्या काळच्या लांबीतही अॅस्बेस्टॉस असे, आणि अमेरिकेत त्यावर बंदी आली ती 1977 मध्ये. म्हणजे वरचा लेप निर्दोष सुटला तरी खालचा सांधा कोरडा घासण्याआधी तोही तपासलेला बरा.

नमुन्यात तंतू सापडले तर खर्च काही पटींनी चढतो. खोली प्लास्टिकने हवाबंद करायची, आतली हवा गाळणाऱ्या यंत्राने बाहेर ओढत राहायची, माणसांना अंगभर पोशाख आणि मुखवटे, कचरा दुहेरी पिशव्यांत भरून ठरलेल्याच कचराभूमीवर, आणि शेवटी हवेची तपासणी. यातला एकही पैसा छत देखणं करण्यात जात नाही. ते काम पुन्हा वेगळं. म्हणूनच अनेक जण वर नवी पातळ फळी ठोकून मोकळे होतात. लेप शाबूत असेल आणि त्याला कोणी छेडत नसेल तर तंतू हवेत येत नाहीत, तेव्हा हा मार्ग वाईट नाही. मात्र पुढच्या मालकाला ते सांगायला हवं. एका घरमालकाने स्वतःच्या एका घराचं छत खरवडलं तर अमेरिकेचा संघीय नियम सहसा आड येत नाही. राज्यांचे नियम वेगळे. कोरडं खरवडणारे हौशी लोक अजून आहेत, आणि धूळ मग महिनोन् महिने गालिच्यात राहते.

ब्रिटनमध्ये हेच प्रकरण आर्टेक्स या नावाने घडलं. ससेक्समधल्या न्यूहेवनचा हा माल फवाऱ्याने नव्हे, हाताने लावत. फणीने पंखे, वेटोळी, झाडाच्या सालीसारख्या रेघा काढत. कारागीर आपापली नक्षी मिरवत, त्यामुळे त्याला थोडा कलेचा मान होता. त्यातही पांढरं अॅस्बेस्टॉस 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत होतं. आर्टेक्समधून तंतू फार कमी सुटतात असं मोजणीत दिसल्यावर 2006 मध्ये तिथल्या सरकारने हे काढण्यासाठी परवानाधारक कंत्राटदाराची सक्ती उठवली. काम करणाऱ्याला प्रशिक्षण लागतंच, कचराही घातकच धरतात. तरी एवढ्याने पुष्कळ घरांचा खर्च आवाक्यात आला. बरेच ब्रिटिश मात्र खरवडतच नाहीत, वरून प्लास्टरचा पातळ हात देतात.

आपल्याकडे स्लॅबला गिलावा करायला गवंडी मिळत राहिला, त्यामुळे या लाह्या आल्या नाहीत. घराणं मात्र आलं. लिम्पेटवाल्या टर्नर अँड न्यूऑलचे मुंबईत मुलुंडला सिमेंटच्या पत्र्यांचा आणि घाटकोपरला ब्रेक-लायनिंगचा असे कारखाने होते. मुलुंडच्या जुन्या कामगारांच्या फुप्फुसांची कहाणी आर्मलीहून फार निराळी नाही. भारतात अॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर आजही सरसकट बंदी नाही.

आणि अमेरिकेत खडबडीत छत संपलेलं आहे असंही नाही. टेक्सास, अॅरिझोनात नव्या घरांना ‘नॉकडाउन’ मारतात: फवारा मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, रुंद पट्टीने टोकं दाबून चपटी करायची. अॅस्बेस्टॉस नाही, लाह्यांऐवजी चपटे पोहे, पण सांधे लपवण्याचं काम तेच. तुळतुळीत छत हवं असेल तर बिल्डर ते देतो. त्याचा आकडा यादीत जादा कामांच्या रकान्यात असतो.