माशांच्या पेटीमागचे हात

मागच्या उन्हाळ्यात इथं तीर्थपुरीत आमच्या गटातल्या एकीच्या घरी चार फुटांच्या काचपेटीतले मासे दोन दिवसांत गेले. सुनेनं पेटी घासूनपुसून लख्ख केली होती. दगडगोटे, फिल्टरचा स्पंज, सगळं नळाखाली धुतलं आणि ताजं पाणी भरलं. घरातले म्हणाले, पोरीच्या हाताला गुण नाही. ते आम्हाला लागलं. म्हणून आम्ही या पेटीचा इतिहास शोधला.

तो सुरू होतो एका बाईपासूनच. जॅन विलप्रे-पॉवर १७९४ साली फ्रान्समधल्या खेड्यात जन्मली. बाप चांभारकाम करायचा. ती पॅरिसला जाऊन शिवणकाम शिकली आणि लग्नानंतर सिसिली बेटावर राहिली. तिथं समुद्रात आर्गोनॉट नावाचा, ऑक्टोपसच्या जातीचा जीव सापडतो. त्याचं कवच त्याचं स्वतःचं की दुसऱ्याचं बळकावलेलं, यावर विद्वान भांडत होते. तिनं १८३२ च्या सुमारास काचेच्या पेट्या करून तो जीव पाळला आणि कवच तो स्वतःच घडवतो हे दाखवून दिलं.

पुढं १८४६ मध्ये ॲना थिन या बाईनं समुद्रातले प्रवाळ लंडनच्या घरी आणले. पाणी जिवंत ठेवायला घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायची. आज पंप बुडबुडे काढतो, ते काम तेव्हा तिचे हात करत. तिचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. आपल्या मुंबईत १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं.

सुनेच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं ते १८९० च्या सुमारास. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं मातीतले सूक्ष्म जिवाणू वेगळे केले. माशांच्या विष्ठेतून विषारी अमोनिया तयार होतो. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. पेटीत ते स्पंजवर आणि गोट्यांवर राहतात. म्हणजे फिल्टर नुसती गाळणी नाही, ती जिवाणूंची वस्ती आहे. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं ती वस्ती मेली आणि मासेही भाजले. सून आळशी नव्हती. उलट तिनं जास्तच स्वच्छता केली, आणि हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा बायांनो, स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळा. पाणी एका वेळी पाव भागच बदला. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मग घाला. काढलेलं पाणी फेकू नका, आपल्या भागात थेंब मोलाचा आहे. त्यात नायट्रेट असतं, ते वांग्या-मिरचीच्या रोपांना खत होतं.

त्या घरी पेटी पुन्हा भरली आहे. सुरुवातीला दोनच मासे सोडले. सांभाळते तीच सून. सासूनं आमच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हटलं, चूक पोरीची नव्हती.