पवनऊर्जा प्रकल्प व वन्यजीव : परिणाम-मूल्यमापनाचा इतिहास

वाऱ्यापासून वीज निर्माण करण्यासाठी एका टापूत उभारलेल्या पवनचक्क्यांच्या समूहास पवनक्षेत्र म्हणतात. अशा क्षेत्रामुळे भूमी, वनस्पती, पशुपक्षी व मानवी वस्ती यांवर होणाऱ्या परिणामांचा उभारणीपूर्वी व नंतर केलेला पद्धतशीर अभ्यास म्हणजे परिणाम-मूल्यमापन होय. महाराष्ट्रात पवनऊर्जेचा प्रसार प्रथम झाला व तिच्या परिणामांचा विचार पुष्कळ उशिरा सुरू झाला. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या उदाहरणावरून हा क्रम व त्याची कारणे स्पष्ट होतात.

भूप्रदेश व जीवसृष्टी : सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या जिल्ह्याचा पारनेर, नगर, श्रीगोंदे व कर्जत या तालुक्यांतील मोठा भाग उघड्या पठारांचा व माळरानांचा आहे. जमिनीचा थर पातळ, पाऊस कमी व बेभरवशाचा आणि नैऋत्य मोसमी वारा मात्र जोराचा, अशी येथील स्थिती आहे. कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते व विरळ काटेरी झुडपे ही येथील मुख्य वनस्पती होत. महसुली दप्तरात अशा जमिनीची नोंद ‘पडीक’ किंवा ‘पोटखराब’ अशी होत आली. प्रत्यक्षात हा लांडगा, खोकड, तरस, चिंकारा व काळवीट यांचा, तसेच चंडोल, धाविक, माळटिटवी इ. पक्ष्यांचा अधिवास आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी याच माळांवर उतरतात. धनगरांच्या मेंढरांची चराईही याच भूमीवर अवलंबून असते.

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे २·१७ चौ. किमी. आहे. त्याआधी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सु. ८,४९६ चौ. किमी. प्रदेश माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य म्हणून अधिसूचित झाला होता. त्यात शेतजमिनी व गावे मोठ्या प्रमाणावर असल्याने पुढे हे क्षेत्र सु. १,२२२ चौ. किमी. पर्यंत कमी करण्यात आले. माळढोकाचा ऱ्हास पवनचक्क्यांमुळे झालेला नाही. शिकार, कालव्यांची शेती, ऊस आणि माळरानांचे विभाजन ही त्याची जुनी कारणे होत. परंतु ज्या भूमीस पडीक समजले जाते, तिच्यावरील जीव कोणाच्या फारसे लक्षात न येता नाहीसा होऊ शकतो, हे या उदाहरणावरून दिसते.

पवनऊर्जेचा विकास : १९८० नंतरच्या दशकात हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी यांच्या मार्गदर्शनाखाली देशातील वाऱ्याच्या वेगाची पद्धतशीर नोंद घेण्यात आली. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाची स्थापना १९८५ मध्ये झाली. १९८६ मध्ये महाराष्ट्र, गुजरात व तमिळनाडू या राज्यांच्या किनारपट्टीवर ५५ किलोवॉट क्षमतेच्या यंत्रांची प्रायोगिक पवनक्षेत्रे सुरू झाली. पुढील काळात करसवलती व राज्याची प्रोत्साहन-धोरणे यांमुळे खाजगी भांडवल या क्षेत्रात आले आणि पवनचक्क्या किनाऱ्यावरून सातारा, सांगली, धुळे व अहमदनगर जिल्ह्यांतील पठारांवर पोहोचल्या. पारनेर तालुक्यात सुप्याजवळचा कवड्या डोंगर आणि नगर तालुक्यातील खांडके ही अहमदनगर जिल्ह्यातील प्रमुख स्थळे होत. टाटा पॉवर कंपनीच्या सुपे येथील प्रकल्पाची क्षमता १७ मेगावॉट, तर खांडके येथील प्रकल्पाची ५०·४ मेगावॉट आहे. राज्याची एकूण स्थापित पवनक्षमता आता ५,००० मेगावॉटहून अधिक आहे.

प्रकल्पाची जागा निवडताना मापन-मनोरे उभारून वाऱ्याच्या नोंदी दीर्घकाळ घेतल्या जातात. त्याच जागेवरील पशुपक्ष्यांची ऋतुवार मोजणी मात्र आवश्यक मानली गेली नाही. वाऱ्याची मोजदाद झाली, माळाची झाली नाही, ही या इतिहासातील मूळ उणीव होय.

कायदेशीर स्थिती : १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली १९९४ मध्ये व पुन्हा १४ सप्टेंबर २००६ रोजी पर्यावरणीय परिणाम-मूल्यमापनाच्या अधिसूचना काढण्यात आल्या. २००६ च्या अधिसूचनेतील प्रकल्पांच्या अनुसूचीत पवनऊर्जेचा समावेश नाही. त्यामुळे पवनक्षेत्रास पूर्व पर्यावरणीय मंजुरी व तिच्या अनुषंगाने होणारी जनसुनावणी लागू होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये पवनऊर्जेचा अंतर्भाव ‘पांढऱ्या’ म्हणजे जवळजवळ प्रदूषणरहित उद्योगांच्या गटात केला. धूर व सांडपाणी यांच्या दृष्टीने हे वर्गीकरण योग्यच आहे. परंतु अधिवासाची हानी प्रदूषणाच्या मापाने मोजता येत नाही.

वनजमीन वापरावयाची असल्यास १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाप्रमाणे केंद्राची परवानगी लागते. यासंबंधी २००४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत पक्षी व वन्यप्राणी यांच्या हालचालीसाठी पट्टे मोकळे सोडावेत आणि पक्ष्यांची धडक टळावी म्हणून पात्यांची टोके नारिंगी रंगवावीत, अशी तरतूद होती. पारनेर-कर्जतच्या खाजगी वा गायरान माळांना मात्र हे संरक्षणही मिळत नाही. कारण ते कागदोपत्री वन नाहीत.

परिणामांचे स्वरूप : परिणाम मुख्यतः तीन प्रकारचे असतात. (१) प्रत्यक्ष आघात : पात्यांच्या टोकांचा वेग ताशी २०० किमी.हून अधिक असू शकतो. उष्ण हवेच्या ऊर्ध्व प्रवाहांवर घिरट्या घालणारे गरुड, गिधाडे यांसारखे पक्षी व वटवाघळे यांना त्याचा विशेष धोका असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ऑल्टामाँट खिंडीतील पवनक्षेत्रात दरवर्षी अनेक सोनेरी गरुड मरत असल्याचे आढळल्यावर या विषयाच्या अभ्यासास चालना मिळाली. भारतात कच्छमधील सामखियाळी येथे तीन वर्षांच्या पाहणीत किमान ११ जातींचे ४७ मृत पक्षी सापडले. (२) विस्थापन : यंत्रांची हालचाल व आवाज यांमुळे काही जाती तो प्रदेश टाळू लागतात. (३) अनुषंगिक कामे : रस्ते, पाया-खोदाई व वीजवाहिन्या यांमुळे माळाचे तुकडे पडतात. माळढोकासारख्या जड व समोरचे कमी दिसणाऱ्या पक्ष्याला पात्यांपेक्षा तारांचा धोका अधिक असतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान व गुजरातमधील माळढोक-क्षेत्रांतील वीजवाहिन्यांबाबत भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून हा प्रश्न तज्ञ समितीकडे सोपविण्यात आला.

महाराष्ट्रातील सर्वांत उद्बोधक अभ्यास सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या सड्यावर झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर व सहकारी यांनी तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या व त्यांचे हल्ले पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या मानाने सु. एक चतुर्थांश आढळले. त्यामुळे ‘सरडा सुपर्बा’ या जातीच्या सरड्यांची संख्या वाढली. त्यांच्यातील ताणाशी संबंधित हॉर्मोनाचे (उत्तेजक स्रावाचे) प्रमाण कमी व बुजरेपणाही कमी होता, पण शरीरप्रकृती अशक्त व नरांच्या गळ्याखालील रंग फिके होते. अर्थात मृत पक्षी मोजून परिणामाचा पूर्ण अंदाज येत नाही; तो अन्नसाखळीतून खालपर्यंत पोहोचतो. शिवाय उभारणीपूर्वीच्या नोंदी नसल्या, की शेजारच्या मोकळ्या भागाशी तुलना करूनच पूर्वस्थितीचा अंदाज बांधावा लागतो.

पुणे जिल्ह्यात भीमाशंकर अभयारण्यालगत उभारलेल्या आंध्रा लेक पवनऊर्जा प्रकल्पासाठी सु. १९४ हेक्टर वनजमीन वळविण्यात आली. शेकरू या राज्यप्राण्याचे हे निवासक्षेत्र आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ञ गटाने २०११ च्या अहवालात तेथील रस्त्यांमुळे झालेली वृक्षतोड, दरडी व प्रवाहांत साचणारा गाळ यांवर टीका केली. राळेगणसिद्धी व हिवरे बाजार येथील पाणलोट विकासासाठी प्रसिद्ध असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातही डोंगरउतारावर रस्ते कापताना हा धोका लक्षात घ्यावा लागतो.

लोकसमजूत : पवनचक्क्यांमुळे ढग पांगतात व पाऊस कमी होतो, अशी समजूत राज्याच्या अवर्षणग्रस्त भागांत दीर्घकाळ रूढ आहे. तीस आधार नाही. मोसमी ढगांचे थर कित्येक किमी. उंचीपर्यंत पसरलेले असतात व पाऊस हजारो किमी. व्याप्तीच्या वायुप्रवाहावर अवलंबून असतो. एखाद्या पठारावरील यंत्रे त्यात बदल घडवू शकत नाहीत. परंतु ग्रामस्थांशी आधी विचारविनिमय झाला असता, तर त्यांच्या शंकांना वेळीच उत्तर मिळाले असते. चराई, रस्ते व जमिनीचा मोबदला यांविषयीच्या खऱ्या तक्रारीही या समजुतीमागे झाकल्या गेल्या.

उपाय व भवितव्य : कोळशावरील विजेमुळे होणारी राख, धूर व तापमानवाढ पाहता पवनऊर्जा त्याज्य ठरत नाही, प्रश्न जागेचा व पूर्वतपासणीचा आहे. स्थलांतर व प्रजनन या दोन्ही काळांचा समावेश होईल अशी किमान एका वर्षाची पाहणी, संवेदनशील माळ वगळणे, तारांवर दर्शक बसविणे आणि वटवाघळांच्या हालचालीच्या वेळी मंद वाऱ्यात यंत्रे थांबविणे हे उपाय ज्ञात आहेत. नॉर्वेतील स्मला बेटावर तीनपैकी एक पाते काळे रंगविल्याने पक्ष्यांचे मृत्यू सु. ७० टक्क्यांनी घटल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र तो प्रयोग चारच यंत्रांवर केलेला होता.

पवनचक्कीचे आयुष्य सामान्यतः २० ते २५ वर्षे मानतात. जुनी यंत्रे काढून अधिक उंच व शक्तिशाली यंत्रे बसविण्याचे धोरण केंद्राने २०१६ मध्ये आखले व २०२३ मध्ये ते सुधारले. जिल्ह्यातील पहिल्या पिढीच्या पवनचक्क्या आता या टप्प्यावर येत आहेत. ऑल्टामाँट येथे अशाच वेळी यंत्रांची संख्या कमी करून त्यांची मांडणी पक्ष्यांच्या उड्डाणमार्गांनुसार बदलण्यात आली. पहिल्या वेळी न झालेली माळाची मोजदाद करण्याची संधी पारनेर व नगरच्या पठारांनाही यामुळे पुन्हा लाभत आहे.