शाहजोग ते ओटीपी

गेल्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी धुळ्याहून आत्याचा फोन आला. आत्या देवपुरात राहते, नेहमी मोठ्यानं बोलते. त्या दिवशी आवाज दबका होता. "भाऊ, कोनले सांगू नको," एवढंच आधी म्हणाली. आत्या अहिराणीवर आली की मामला गंभीर असतो.

तिनं मिक्सर मागवला होता. दोन दिवसांनी मेसेज आला : पत्ता अपूर्ण असल्यामुळे पार्सल अडकलंय, पाच रुपये भरा. तिनं लिंक उघडली. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे आणि शेवटी ओटीपी, सगळं भरलं. खात्यातून गेले १८,४०० रुपये.

"कधी झालं हे?"

"नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस? लगेच का नाही सांगितलंस?"

"तू हसशील म्हणून."

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ज्या पानावर तुम्ही कार्डाचा नंबर टाकता, तसली पानं बनवणं हेच माझं काम. आणि हो, मी हसलो होतो. आधीच्या वर्षी घरच्या कार्यक्रमात तिनं लॉटरीचा खोटा मेसेज दाखवला, तेव्हा चारचौघांत हसलो होतो. त्या हसण्याची किंमत तिनं नऊ दिवसांनी भरली.

त्यानंतर मी या सगळ्याचा इतिहास वाचायला लागलो. दूर बसलेल्या, न दिसणाऱ्या माणसाला पैसे देताना त्याची ओळख कशी पटवायची? हा प्रश्न इंटरनेटचा नाही. आमच्या खानदेशात तो कापसाइतका जुना आहे.

मी जळगावचा. आजोबा अडतीच्या दुकानात दिवाणजी होते. त्यांच्या तोंडी एक शब्द असायचा, 'शाहजोग'. लहानपणी तो मला एखाद्या माणसाचं नाव वाटायचा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. माल मुंबईला जायचा, पैसा मुंबईहून यायचा. रोकड घेऊन घाट उतरणं जोखमीचं, म्हणून व्यापारी हुंडी वापरत. हुंडी म्हणजे एका पेढीनं दुसऱ्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी : अमक्याला एवढे रुपये द्या. दाखवताक्षणी पैसे मिळायचे ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी मिळायचे ती मुदती.

यातली शाहजोग हुंडी मला सगळ्यात हुशारीची वाटते. तिचे पैसे कुणाही आगंतुकाला मिळत नसत. ते घ्यायला 'शाह', म्हणजे बाजारात पत असलेला, ओळखीचा व्यापारी लागायचा. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर ज्या शाहनं पैसे उचलले त्याच्यावर परतफेडीची जबाबदारी यायची. चिठ्ठी हातात असणं पुरेसं नाही, ओळख वेगळी पटली पाहिजे. आम्ही आज याला टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन म्हणतो आणि त्यावर प्रेझेंटेशन देतो.

आणखी एक गंमत. हुंडीत रक्कम एकदाच लिहीत नसत. आकड्यात लिहायची, अक्षरी लिहायची आणि वर तिची निमपटही लिहायची : शंभर रुपये, निमे पन्नास, त्याची दुप्पट पुरे शंभर. कुणी मध्येच एक शून्य वाढवलं तर निमपट जुळणार नाही. हुंडी हरवली तर 'पेठ' नावाची दुसरी प्रत मिळे, तीही हरवली तर 'परपेठ'. इंग्रजांनी १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हाही देशी भाषांतल्या अशा दस्तऐवजांचे स्थानिक रिवाज त्यांनी राहू दिले.

आता तुमच्या कार्डाचा नंबर बघा. त्यातला शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये त्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. उजवीकडून सुरुवात करून एक आड एक आकड्याची दुप्पट करायची, दुप्पट दोन आकडी आली तर तिचे आकडे मिळवायचे, मग सगळ्याची बेरीज. बेरजेला दहानं भाग गेला नाही, तर नंबर चुकलाय. इथेही दुप्पटच. फक्त ही पद्धत चूक पकडते, चोर पकडत नाही.

११ ऑगस्ट १९९४ रोजी अमेरिकेत नेटमार्केट नावाच्या साइटवरून एकानं स्टिंगची सीडी घेतली आणि कार्डाचा नंबर सांकेतिक रूपात पाठवला. सुरक्षित ऑनलाइन खरेदीची ही सुरुवात मानतात. आपल्याकडे २००२ मध्ये रेल्वेचं तिकीट ऑनलाइन मिळू लागलं. पण कार्डावर जे छापलंय, तेवढंच देऊन खरेदी होत असेल, तर कार्ड हातात पडलेल्या कुणालाही ती करता येते. हुंडी हातात आहे, शाह मात्र कुठेच नाही.

तो शाह रिझर्व्ह बँकेनं परत आणला. १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना कार्डावर नसलेली अशी आणखी एक खूण सक्तीची झाली. आधी पासवर्ड होते, मग ओटीपी रुळला. २०१४ मध्ये उबरसारख्या कंपन्या परदेशी वाटेनं या दुसऱ्या खुणेशिवाय पैसे कापत होत्या, तेव्हा तीही वाट बंद केली गेली.

मग चोरांनी काय केलं? शाहच खोटा उभा केला. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८ ला हल्लेखोरांनी तिच्या यंत्रणेत घुसून एक बनावट स्विच उभा केला. एटीएममधून आलेला प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोचतच नव्हता, मधला तोतया परस्पर 'द्या पैसे' म्हणत होता. बनावट कार्डांनी २८ देशांतून सुमारे ७८ कोटी निघाले, कोल्हापूरसारख्या भारतातल्या ठिकाणांहून अडीच कोटी. दोन दिवसांनी स्विफ्टमार्गे १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. यात एकाही ग्राहकानं कुठल्या लिंकवर बोट ठेवलं नव्हतं. तोतया शाहपुढे अख्खी बँक फसली. मग तोतया पानापुढे आत्या फसली, यात हसण्यासारखं काय होतं?

नियमही हळूहळू हे मान्य करत गेले. २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं म्हटलं की चूक बँकेची असेल तर, किंवा तिसऱ्याच कुणाची असून ग्राहकानं ठरावीक मुदतीत कळवलं तर, त्याच्यावर भुर्दंड नाही. तिसऱ्याच्या चुकीसाठी ही मुदत होती कामकाजाचे तीन दिवस. ग्राहकानंच ओटीपी दिला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. १ ऑक्टोबर २०२० पासून कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आपले आपण बंद-चालू करता येऊ लागले, मर्यादा घालता येऊ लागली. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना तुमचा कार्ड नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन ठेवावं लागतं.

आत्याच्या फोनवर तो ओटीपीचा मेसेज अजून होता. मी मागवून घेतला. त्यात रक्कम स्पष्ट होती : १८,४००. दुकानाचं नावही भलतंच होतं. तिनं फक्त सहा आकडे वाचले होते. आपण सगळेच तेवढेच वाचतो, फोन तर ते आपोआप भरूनही टाकतो. निमपट लिहिलेली होती, ती ताडून बघायची सवय मात्र आपण घालवली.

त्याच दिवशी १९३० ला फोन केला, बँकेत लेखी तक्रार दिली, कार्ड बंद केलं. सहा हजार एका खात्यात अडकलेले सापडले. बाकीचे तोवर पुढे निघून गेले होते. पहिल्याच तासात कळवलं असतं तर कदाचित जास्त हाती लागले असते. ही नऊ दिवसांची उधारी माझ्या नावावर आहे.

नव्या कार्डावर आम्ही परदेशी व्यवहार बंद ठेवलेत आणि ऑनलाइन मर्यादा दोन हजार केलीय. जास्त लागले तर ती वाढवते, काम झालं की पुन्हा खाली आणते. गेल्या महिन्यात तिला प्रेशर कुकर घ्यायचा होता. ओटीपी आल्यावर तिनं मला फोन लावला. मी मीटिंगमध्ये होतो, तरी उचलला.

"वाचते, ऐक," ती म्हणाली. आधी रक्कम वाचली, मग दुकानाचं नाव. आकडे मात्र मला सांगितले नाहीत.

"ते मलाही सांगायचे नसतात," मी म्हणालो.

"माहीत आहे," आत्या म्हणाली आणि हसली.