सायकल वाहतूक, उपनगरी रेल्वेतील

शहर व उपनगरे यांच्या दरम्यान रोज ये-जा करणाऱ्या प्रवाशाने स्वतःची सायकल बरोबर घेऊन रेल्वेने केलेला प्रवास. घरापासून स्थानकापर्यंतचे आणि उतरल्यावर कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर सायकलने, तर मधले लांब अंतर रेल्वेने काटावयाचे, अशी ही जोडपद्धती आहे. वरवर पाहता ही किरकोळ सोयीची बाब वाटते. तथापि डब्यातील मर्यादित जागेवर कोणाचा किती हक्क, हा नागरी वाहतुकीतील मूलभूत प्रश्न तीत गुंतलेला आहे. सायकलीची लांबी सु. १·८ मी. व मुठींपाशी रुंदी सु. ०·६ मी. असते, म्हणजे ती सु. १ चौ. मी. जागा व्यापते. साधारण गर्दीत तेवढ्या जागेत चार माणसे उभी राहू शकतात. त्यामुळे सायकल हे सामान समजावयाचे की प्रवाशाच्या प्रवासाचाच एक भाग मानावयाचा, या प्रश्नास वेगवेगळ्या काळांत व शहरांत वेगवेगळी उत्तरे मिळाली.

प्रारंभ : इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये समान चाकांची, साखळीने चालणारी ‘सुरक्षित’ सायकल व १८८८ मध्ये हवा भरलेले रबरी टायर प्रचारात आल्यानंतर सायकल सर्वसामान्यांचे वाहन बनली [→ सायकल]. सायकलस्वार आपली सायकल रेल्वेने दूरच्या गावी नेऊ लागले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १८९६ मध्ये केलेल्या आर्मस्ट्राँग कायद्यान्वये प्रवाशाची सायकल सामान म्हणून विनामूल्य नेणे रेल्वे कंपन्यांस बंधनकारक झाले. या कायद्यामागे १८८० मध्ये स्थापन झालेल्या ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या सायकलस्वारांच्या संघटनेचा रेटा होता. सायकलीस अशा रीतीने रेल्वेत स्थान मिळाले, ते सामानाच्या डब्यात. प्रवाशांची जागा व सायकलीची जागा वेगळी असल्याने या दोहोंत संघर्षाचे कारण नव्हते.

नागरी रेल्वेत मात्र ही स्थिती फार काळ टिकली नाही. फ्रँक स्प्रेग (१८५७–१९३४) या अमेरिकन अभियंत्याने १८९७ मध्ये शिकागो येथे अनेक डब्यांतील विद्युत् चलित्रे एकाच ठिकाणाहून नियंत्रित करण्याची पद्धती यशस्वी केली. तीमुळे वेगळ्या एंजिनाची गरज उरली नाही. अशा बहुएकक विद्युत् गाड्यांत सामानाचा स्वतंत्र डबा बहुधा नसतो आणि स्थानकावरील थांबाही अत्यल्प असतो. परिणामतः सायकल एक तर प्रवाशांच्या डब्यात यावयास हवी, नाही तर ती बाहेरच राहावयास हवी, असा पेच निर्माण झाला. सायकल वाहतुकीचे पुढील सर्व नियम या पेचातून उद्‌भवले.

सॅन फ्रॅन्सिस्को उपसागर प्रदेश : या पेचाचे ठळक उदाहरण कॅलिफोर्नियात आढळते. सॅन फ्रॅन्सिस्को व ओक्लंड यांना जोडणारा पूल १९३६ मध्ये खुला झाला. त्याच्या खालच्या मजल्यावरून १९३९ पासून विद्युत् गाड्या धावत. परंतु १९५८ मध्ये त्या बंद करून ती जागा मोटारींना देण्यात आली. पुलावर सायकलीस वाटच नव्हती. १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘बार्ट’ या जलद रेल्वेची उपसागराखालील नळमार्गातून जाणारी सेवा १९७४ मध्ये सुरू झाली, तेव्हा सायकलस्वारांस उपसागर ओलांडण्याचा तोच स्वाभाविक मार्ग ठरला. प्रशासनाने सायकलीस प्रवेश दिला. मात्र आरंभी त्यासाठी परवाना लागे आणि गर्दीच्या वेळी सायकलीस मनाई असे. कामावर जाणाऱ्याला जी वेळ आवश्यक, नेमकी तीच वेळ निषिद्ध होती. या वेळांसाठी राज्य वाहतूक खात्यास पुलावरून सायकली वाहून नेणारी स्वतंत्र मोटारसेवा चालवावी लागे. परवान्याची अट पुढे गेली. मनाई मात्र दीर्घकाळ टिकली. ऑगस्ट २०१२ मधील शुक्रवारी व २०१३ मध्ये आधी एक आठवडा, नंतर काही महिने ती प्रयोगादाखल उठविण्यात आली. त्या अनुभवानंतर २०१३ मध्येच ती कायमची रद्द झाली. तथापि पहिल्या डब्यात सायकल केव्हाही नेता येत नाही व गर्दीच्या वेळी पहिले तीन डबे तेव्हा तिला वर्ज्य ठेवण्यात आले. म्हणजे वेळेच्या बंधनाची जागा डब्याच्या बंधनाने घेतली. याच प्रदेशातील ‘कॅलट्रेन’ या रेल्वेने १९९२ पासून सायकलींना प्रवेश देऊन पुढे आसने काढून खास सायकलींचे डबेच जोडले.

कोपनहेगन : डेन्मार्कच्या या राजधानीत ‘एस-टोग’ ही उपनगरी विद्युत् रेल्वे १९३४ पासून चालू आहे. तीवर सायकलीसाठी वेगळे तिकीट घ्यावे लागे. २०१० मध्ये हे शुल्क रद्द करण्यात आले व घडीची आसने असलेले डबे सायकलींसाठी राखण्यात येऊन त्यांवर ठळक चिन्हे लावण्यात आली. त्यानंतर सायकलींसह प्रवास करणाऱ्यांची संख्या काही वर्षांतच अनेकपटींनी वाढली. उलट त्याच शहरातील मेट्रोचे डबे लहान असल्याने तेथे सायकलीस तिकीट लागते व कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी बहुतेक महिने तिला प्रवेश नसतो. एकाच शहरात, एकाच सायकलीस दोन नियम लागू होतात. यावरून धोरण हे लोकांच्या आवडीपेक्षा डब्याच्या रचनेवर अधिक अवलंबून असते, हे स्पष्ट होते.

अन्य उपाय : घडीची सायकल हा एक उपाय होय. लंडनमध्ये अँड्रू रिची यांनी १९७५ च्या सुमारास आखलेली ‘ब्रॉम्प्टन’ सायकल या प्रकारात विशेष प्रसिद्ध आहे. घडी केल्यावर ती सामानात मोडते, म्हणून बहुतेक रेल्वे तिला मुक्त प्रवेश देतात. नेदर्लंड्समध्ये सायकलींची संख्याच इतकी मोठी आहे, की सर्वांना गाडीत जागा देणे अशक्य. तेथे गर्दीच्या वेळी अखंड सायकलीस मनाई असून त्याऐवजी स्थानकांवर प्रचंड सायकलतळ बांधले आहेत. उत्रेक्त येथील तळात सु. १२,५०० सायकली मावतात. उतरल्यावर भाड्याची सायकल मिळण्याची सोय २००३ पासून आहे.

महाराष्ट्र : मुंबईत विद्युत् उपनगरी सेवा १९२५ मध्ये सुरू झाली. तीत सामानाचा डबा टिकून राहिला, पण तो कोळणी, भाजीविक्रेते, डबेवाले यांच्या ओझ्यांनीच भरतो. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये दर चौ. मी. जागेत १४ ते १६ प्रवासी उभे असतात. म्हणजे जेथे अन्यत्र एक सायकल चौघांची जागा घेते, तेथे मुंबईत ती चौदा जणांची घेईल. डबेवाल्यांची पद्धती या दृष्टीने बोधप्रद आहे : डब्यांचे हारे तेवढे गाडीने जातात आणि सायकली दोन्ही टोकांस, स्थानकांबाहेरच राहतात. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ख्यातनाम असलेल्या पुण्यात २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोत, तसेच नागपूर मेट्रोत आणि मुंबईच्या दहिसरहून निघणाऱ्या नव्या मेट्रो मार्गांवर सायकल नेण्यास मुभा देण्यात आली.

ही मुभा गाड्या तुलनेने मोकळ्या असताना दिलेली आहे. गर्दीच्या वेळी नियम कडक ठेवण्याकडे प्रशासनाचा कल असतो, असे बार्टचा इतिहास सांगतो. डब्यात सायकलीची जागा आधीच आखलेली असेल, तर मनाईची वेळ सहसा येत नाही, हा कोपनहेगनचा अनुभव आहे. मुंबईच्या लोकलसारख्या अतिदाट गर्दीत मात्र सायकलीस गाडीत जागा मागण्यापेक्षा स्थानकालगत सुरक्षित तळ देणे, हेच सायकलस्वार व उभा प्रवासी या दोघांस न्याय देणारे ठरते.