हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी म्हणजे काय? स्मार्टवॉच ९८ दाखवत असतानाही गीझरचा गॅस जीव कसा घेतो?

थंडी सुरू झाली की गॅस गीझरमुळे बाथरूममध्ये कोणी बेशुद्ध पडल्याच्या बातम्या येतात. अशाच एका बातमीनंतर गावाकडच्या चुलत भावाने मला विचारलं, "दादा, घड्याळात ऑक्सिजन ९८ दिसत असेल तर टेन्शन नाही ना?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न सेन्सरचा आहे, म्हणून नीट समजून घेऊया.

कार्बन मोनॉक्साईड काय करतो?

इंधन अर्धवट जळालं की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला २०० पटींहून जास्त घट्ट धरतं. त्यामुळे फुप्फुसं चालू असूनही मेंदू आणि हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात याच्या जागा ओळखीच्याच आहेत: बंद बाथरूममधला गॅस गीझर, झोपायच्या खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी, लाईट गेल्यावर दुकानात आतच लावलेला जनरेटर, विहिरीत उतरवलेलं डिझेल इंजिन.

सुरुवातीला डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं. आपण म्हणतो, पित्त झालंय. घरातल्या दोघा-तिघांना एकदमच असं होत असेल, तर आधी घराबाहेर पडा.

मग घड्याळ ९८ का दाखवतं?

ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश टाकून रक्ताचा रंग बघतो. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालभडक असतं. साध्या सेन्सरला हा फरक कळत नाही आणि तो विषालाच ऑक्सिजन समजून मोजतो. स्मार्टवॉच, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, दोघांची हीच अडचण. खरं प्रमाण को-ऑक्सिमेट्री या तपासणीत कळतं. त्यात जास्त तरंगलांबींचा प्रकाश वापरतात.

हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी म्हणजे काय?

सोड्याच्या बाटलीत दाबामुळे गॅस पाण्यात विरघळून राहतो. इथेही तेच तत्त्व आहे. रुग्णाला बंद चेंबरमध्ये ठेवून हवेचा दाब नेहमीच्या अडीच ते तीन पट करतात आणि शुद्ध ऑक्सिजन देतात. तीन पट दाब म्हणजे समुद्रात २० मीटर खोल गेल्यासारखं. एवढ्या दाबाला १०० मिली रक्तात सुमारे ६ मिली ऑक्सिजन थेट विरघळतो. साध्या हवेत हा आकडा फक्त ०.३ मिली असतो. म्हणजे हिमोग्लोबिन अडकून पडलं तरी शरीराचं काम भागू शकतं.

विष निम्मं व्हायला लागणारा अंदाजे वेळ बघा:

• साध्या हवेत: ४ ते ६ तास
• मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर: सुमारे ६० ते ९० मिनिटं
• चेंबरमध्ये: सुमारे २० ते ३० मिनिटं

चेंबरमध्ये मोबाईल नेता येत नाही, कारण तिथे एका ठिणगीनेही भडका उडू शकतो. कानाला दडे बसणं, क्वचित झटके येणं असे धोकेही आहेत.

धाराशिवच्या माणसाने काय करायचं?

मुंबईत कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात हायपरबॅरिक विभाग आहे. मोठ्या शहरांत काही खासगी केंद्रंही आहेत. पण धाराशिवहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे सात-आठ तास. आता हिशोब करा. रक्तात विष ४० टक्के असेल आणि लगेच मास्क लागला, तर चार तासांत ते ४० वरून २०, १० आणि ५ वर येतं. म्हणून पहिलं औषध चेंबर नाही, जवळच्या सरकारी दवाखान्यातला साधा ऑक्सिजन आहे.

मग चेंबर कशासाठी? काही रुग्णांना बरं वाटल्यावरही काही दिवसांनी विसरभोळेपणा किंवा गोंधळ सुरू होतो. तो टाळता येईल का, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या १५२ रुग्णांच्या अभ्यासात सहा आठवड्यांनी असा त्रास चेंबरवाल्या गटात २५ टक्के आणि दुसऱ्या गटात ४६ टक्के लोकांना होता. ऑस्ट्रेलियातल्या १९९९ च्या अभ्यासात मात्र फायदा दिसला नाही. म्हणून बेशुद्ध झालेली व्यक्ती, गरोदर बाई, किंवा मेंदू-हृदयावर परिणाम झालेला रुग्ण असेल तरच डॉक्टर चेंबरचा विचार करतात.

लक्षात ठेवा

१. दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा. विहिरीत मात्र मागोमाग उतरू नका.
२. १०८ ला फोन करा आणि "गीझर चालू होता" किंवा "शेगडी पेटवली होती" हे स्पष्ट सांगा. त्यावरूनच डॉक्टरांना शंका येते.
३. घड्याळात ९८ दिसतंय म्हणून घरी थांबू नका.
४. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म वेगळा विकत मिळतो. मोबाईलमधलं कोणतंही ॲप त्याचं काम करू शकत नाही.

हा लेख घरच्या ग्रुपवर पाठवा आणि सोबत एकच प्रश्न विचारा: आपला गीझर कुठे बसवलाय?