मुंबईतील शेअर सट्टा (१८६४–६५)
अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१–६५) काळात मुंबईच्या शेअर व्यवहारांत उसळलेली व युद्धाबरोबरच ओसरलेली तेजी. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केल्यामुळे लँकाशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. साहजिकच मागणी हिंदी कापसाकडे वळली, त्याचे भाव कडाडले आणि मुंबईत अमाप पैसा आला. तो उत्पादक उद्योगांपेक्षा नव्या बँका, वित्तसंस्था व समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या यांतच अधिक गुंतला. बॅकबे भराव कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाँबे बँक कर्जे देई, तीही पुष्कळदा शेअरांच्याच तारणावर. युद्ध केव्हा संपेल हे कोणासच ठाऊक नव्हते; अनेक मोठ्या वायद्यांची मुदत मात्र १ जुलै १८६५ अशी ठरून गेली होती. शांततेच्या अफवांनीच कापूस घसरू लागला. एप्रिल १८६५ मध्ये सेनापती ली शरण आला आणि ही वार्ता येताच बाजार कोसळला. जुलैत वायदे पुरे करणारे थोडेच उरले. बाँबे बँक १८६८ मध्ये विसर्जित झाली. प्रेमचंदही बुडाले, त्यांनी तेजीत दिलेल्या देणगीतून उभारलेला विद्यापीठाचा राजाबाई मनोरा मात्र १८७८ मध्ये पूर्ण झाला.