बियाण्यावरचा लेप नेमका कशासाठी?

परभणीत कुणालाही विचारा, पेरणी कधी करता? उत्तर येतं, वाफसा आल्यावर. म्हणजे मातीत ओल हवी आणि हवाही हवी. पेरल्यावर मोठा पाऊस पडून वाफसा मोडला, तर लेप दिलेलं बी तग धरेल का, या विषयावर संशोधन करायचं असेल तर आधी थोडा इतिहास बघावा लागतो.

लेप आपल्याला नवा नाही. सरकीला तूस असतं, दाणे एकमेकांत गुंततात, म्हणून शेणमातीच्या काल्यात घोळून ती पेरायची रीत होती. पण तो लेप दाणे सुटे पडावेत म्हणून. पाण्याशी त्याचा संबंध नव्हता.

पाण्याचं उत्तर वेगळंच होतं: भारी काळ्या रानात पावसाळ्यात पेरायचंच नाही! रान पडीक ठेवायचं, ओल मुरवायची आणि रब्बीला ज्वारी घ्यायची. यात आळस नव्हता. ही माती भिजली की फुगते, छिद्रं बुजतात. आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण 10,000 पट हळू सरकतो. परभणीत प्रायोगिक शेत 1918 मध्ये सुरू झालं, कृषी विद्यापीठ 1972 मध्ये. त्याच दशकात पाटणचेरूच्या इक्रिसॅटनं काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीवर काम केलं. इथेही उपाय रानाच्या बांधणीत होता, बियाण्यात नव्हता.

जपाननं मात्र बियाण्याकडे पाहिलं. चिखलात थेट पेरलेल्या भाताला त्यांनी कॅल्शियम पेरॉक्साइडचा लेप दिला, ‘कॅल्पर’ नावानं. पाणी लागलं की तो हळूहळू ऑक्सिजन सोडतो. अडचण वजनाची: लेप बियाण्याच्या वजनाइतका, कधी त्याहून जास्त. खर्च आणि मेहनत दोन्ही वाढली. पुढे लोखंडाच्या भुकटीचा लेप आला, पण तो बी तरंगू नये आणि पाखरांनी खाऊ नये म्हणून. नाव लेपच, प्रश्न दुसरा. संदर्भ वाचताना इथेच घोटाळा होतो.

हे सगळं उचलून सोयाबीनला लावता येईल का? मला शंका आहे. सोयाबीनची साल पातळ असते. कोरडं बी एकदम पाण्यात सापडलं की ते झपाट्यानं पाणी ओढतं आणि आतल्या पेशी फाटतात. तिथे ऑक्सिजन देऊन काय उपयोग? तिथे पाणी अडवणारा लेप हवा. त्यात एकरी 30 किलो बियाणं, आणि त्याला रायझोबियमही लावायचं असतं. पेरॉक्साइडशेजारी ते जिवाणू जगतील का, हे वेगळं तपासावं लागेल.

2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या एवढ्या तक्रारी आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. आदल्या वर्षी काढणीत पाऊस झाला होता, बियाणं भिजलं होतं. तरी गावोगावी वाद तोच: बी खराब की पेरणी चुकली? दुबार पेरणीचा खर्च मात्र शेतकऱ्याच्याच अंगावर.

म्हणून प्रयोग मांडताना ‘लेप आणि बिनलेप’ एवढे दोनच गट ठेवू नका. एक ताजं चांगलं बियाणं घ्या, एक काढणीत भिजलेलं. दोन्ही वाफशावर पेरा आणि दोन्ही तुंबलेल्या पाण्यातही. नाहीतर लेपाला मिळालेलं श्रेय कदाचित मुळात चांगल्या बियाण्याचं असेल, आणि तुम्हाला ते कळणारही नाही.